हाकेच्या अंतरावर

माझा मेव्हणा जमिनीच्या धंद्यात पडला. ‘पडला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण त्याआधी तो ठिबकच्या नळ्यांत पडला होता, त्याच्याही आधी शेळीपालनात पडला होता, आणि दोन्ही वेळा त्याला उचलायला जामीनदार म्हणून मीच लागलो होतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सासुरवाडीचे लोक जावई समजत नाहीत, तारण समजतात.

या खेपेला मात्र त्याला पैसे नको होते. म्हणाला, “दाजी, तुमच्याकडून फक्त शब्द पाहिजेत.”

शब्द फुकट असतात अशी माझी तोवर समजूत होती. मी हो म्हणून बसलो. स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जोरात आपटलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर त्या आवाजाचा अर्थ मला कळायला हवा होता.

त्याचं असं झालं होतं, की युसूफ वडगावच्या बाहेर कुणाचं तरी दोन एकर रान प्लॉट पाडून विकायचं काम मेव्हण्याने अंगावर घेतलं होतं. कागद स्वच्छ होते. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, सगळं मी स्वतः भिंग लावून पाहिलं होतं. आता गिऱ्हाईक आणायचं कुठून? त्यासाठी तो पुण्याला एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आला. तिथे त्याला दोन मंत्र मिळाले. पहिला असा, की गिऱ्हाईक फोनमध्ये जे शब्द घालून शोधतं, नेमके तेच शब्द आपल्या मजकुरात पाहिजेत. याला कीवर्ड म्हणतात. आणि दुसरा असा, की मजकूर रोज आला पाहिजे. दसरा नाही, दिवाळी नाही, सुतक नाही.

मी हिला समजावून सांगितलं, “कीवर्ड म्हणजे किल्लीशब्द.”

“आणि कुलूप कुणाचं?” तिने विचारलं.

बायकांना अवांतर प्रश्न फार सुचतात.

तसं पाहिलं तर किल्लीशब्द आमच्या गावाला नवीन नाही. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत त्याची मोजदाद एखाद्या पोस्टमननेच करावी. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक! जिथे वडाचं झाड दिसलं तिथे आपल्या पूर्वजांनी वडगाव वसवलं आणि पुढच्या पिढ्यांची पत्रं हरवण्याची सोय करून ठेवली. आमच्या वडगावाला मात्र कुणीतरी ‘युसूफ’ जोडलं, त्यामुळे आमचं वडगाव कुठेही शोधा, नेमकं केज तालुक्यातलंच सापडतं. गूगलच्या कितीतरी आधी हे काम झालेलं आहे, आणि तेही एका शब्दात.

रोज लिहिण्याचं म्हणाल तर त्याचेही आद्यगुरू आमच्याच बाजूचे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५). यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागत असे म्हणतात. गीतेवर लिहायला बसले ते सव्वा लाख ओव्या झाल्यावर थांबले. कागदानेही भागेना तेव्हा कापडाच्या चांगल्या चाळीस फुटी पासोडीवर लिहून काढलं. मेव्हण्याला मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, “बघा, त्या काळात एवढं लिहिलं. तुम्हाला तर शाईसुद्धा लागत नाही.” दासोपंतांना एकही प्लॉट विकायचा नव्हता, हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आला नाही.

मी लिहायला लागलो. कॉमर्सच्या पदवीधराला आयुष्यात प्रथमच कुणी साहित्यिक म्हणत होतं. मेव्हण्याने शब्द काढून दिले होते आणि रोजच्या मजकुरात ते यायलाच पाहिजेत अशी त्याची अट होती. स्वस्त प्लॉट. गुंतवणुकीची सुवर्णसंधी. रेल्वे. पाणी बारमाही. आणि एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. मी ते शब्द भाजीत मीठ घालावं तसे घालत गेलो. एके दिवशी गुढीपाडव्याचं महत्त्व लिहिलं, त्यात पाणी बारमाही. दुसऱ्या दिवशी ज्वारीचे औषधी गुण लिहिले, त्यातही पाणी बारमाही. पुढे पुढे मी घरी सुद्धा “मीठ दे” म्हणायच्या ऐवजी “मीठ हाकेच्या अंतरावर आहे का” असं विचारू लागलो.

रेल्वेचं म्हणाल तर ती थाप नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी आली. मधली तीस वर्षं जिल्ह्यातला प्रत्येक प्लॉट त्या न आलेल्या गाडीच्या शिट्टीवर विकला जात होता. आता गाडी आली, पण बीडला आली. आमच्या प्लॉटवरून ती शिट्टी ऐकायची तर कानाला नव्हे, श्रद्धेलाच जोर द्यावा लागतो.

‘हाकेच्या अंतरावर’ या शब्दाने मात्र माझी झोप घालवली. आकड्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अंतर म्हटलं की मोजावंसं वाटतं. एका रविवारी सकाळी मेव्हण्याला प्लॉटवर उभं केलं आणि मी एसटीच्या थांब्यावर उभा राहिलो. मी हाक मारायची, त्याने ओ द्यायची असं ठरलं. मी छाती भरून हाक मारली. चहाच्या टपरीवरचं पोरगं एक कट घेऊन आलं. दुसऱ्या हाकेला दोन कुत्री आली. तिसऱ्या हाकेला आमचे एक जुने खातेदार घाबरे होऊन धावत आले आणि म्हणाले, “सायेब, बँक बुडाली का काय?” तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडून मेव्हणा म्हणत होता, “दाजी, मारा की हाक. किती वेळ उभं राहू उन्हात?”

मोटारसायकलच्या काट्यावर अंतर साडेतीन किलोमीटर भरलं.

“आता काय लिहू?” मी विचारलं.

“आहे तेच लिहा,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक काय खुळं आहे का? हाकेच्या अंतरावर म्हणजे तीनचार किलोमीटर हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही साडेतीन लिहिलं तर लोक सात धरतील. मग खोटारडे कोण झालो? आपणच!”

हसू नका. मी आठवडाभर विचार केला आणि मला त्यातली चूक सापडेना. ज्या बाजारात सगळे दुप्पट सांगतात आणि सगळे निम्मं ऐकतात, तिथे जो खरं बोलेल तोच फसवेल. बी.कॉम.ला आम्हाला ग्रेशॅमचा नियम होता. वाईट नाणं चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावतं. परीक्षेत मी त्यावर सातआठ मार्क मिळवले होते, पण तो नियम शब्दांनाही लागू पडतो हे कळायला प्लॉट विकावे लागले. ‘प्रशस्त’, ‘निसर्गरम्य’, ‘सुवर्णसंधी’ ही झिजलेली नाणी. त्यांच्या गर्दीत ‘साडेतीन किलोमीटर’ हे खणखणीत नाणं टाकलं तर लोक ते दाताखाली धरून बघणार.

पण तेवढ्याने मन शांत होईना. सगळे ओळखून असतात म्हणजे खोटं हे खोटं राहत नाही का? मग खोट्या सहीचा चेक मी परत का करतो? आणि ‘सगळे’ म्हणजे कोण? ज्यांना ओळखता येत नाही ते या ‘सगळ्यां’त धरायचे की नाही?

या धंद्याचे मूळपुरुष धर्मराज युधिष्ठिर. ‘अश्वत्थामा’ हा किल्लीशब्द मोठ्याने म्हणायचा आणि ‘कुंजर’ एवढं बारीक म्हणायचं की वर शंख वाजला की ऐकूच येऊ नये. आजकाल जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या पावलांनी ‘अटी लागू’ छापतात तो हाच कुंजर. त्या एका वाक्याने धर्मराजाचा जमिनीच्या चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. जमिनीशी संबंध आला की असं होतं.

आता यावर कायदा नाही असं नाही. २०१६ साली रेराचा कायदा झाला, मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा सुरू झालं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक पाहिजे, १ ऑगस्ट २०२३ पासून त्यासोबत क्यूआर कोडही पाहिजे. त्या कायद्याच्या १२व्या कलमात तर स्वच्छ म्हटलं आहे, की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागेल. मी हे कलम मेव्हण्याला वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, “दाजी, नोंदणीची सक्ती नियोजन क्षेत्रातल्या प्रकल्पांना. आपलं रान त्यात येत नाही.” पुण्याच्या शिबिरात हेही शिकवलं असावं. गूगलही शब्द कोंबणाऱ्यांवर डोळा ठेवून असतं. २०११ साली त्यांनी निकृष्ट मजकुराला मागे ढकलणारा एक बदल केला, त्याचं नाव पांडा. पण ते अस्वल शब्द मोजतं, बोअरला पाणी आहे का हे बघायला वैशाखात इथे येत नाही.

पुन्हा पुन्हा ऐकण्यात एक जादू असते. ‘घराला घरपण देणारी माणसं’ हे डीएसकेंचं वाक्य आमच्या पिढीने इतकं ऐकलं, की पुण्यात घर नसलेल्यांनाही ते पाठ होतं. पुढे २०१८ साली ठेवीदारांचे पैसे थकल्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दोष कुणाचा ते न्यायालय बघेल. मला नवल वाटतं ते एवढंच, की तेव्हा ठेवीदारांची हकिगत टीव्हीवर पाहतानाही माझ्या डोक्यात ते वाक्य चालीसकट वाजतच होतं.

तर, एप्रिलमधला एक दिवस. ऊसतोडीला गेलेले लोक परतले होते. आमच्या काउंटरवर एक जोडपं आलं. आमच्या जिल्ह्यात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, तसा तो एक कोयता होता. बरोबर बारावीतली मुलगी. दीड लाखाची मुदत ठेव मोडायची होती. अकरा हंगामांची ती शिल्लक होती, उचल फेडून उरलेली. नियमाप्रमाणे मी व्याज कमी मिळेल हे सांगितलं. कशाला मोडता हे विचारायची गरज नव्हती, कारण मुलीने हातातला फोनच पुढे केला. त्यावर माझा मजकूर होता. ज्वारीच्या औषधी गुणांचा.

“आमाला ष्टँड जवळ नको सायेब,” बाई म्हणाली. “सहा म्हैने तर आमी फडात. हाक मारणार कोण, मुकादमच की. पण ह्याच्यात पाणी बारमाही लिवलंय. तेवढं खरं हाय का? हंडे वाहून माज्या मानंचं हाड गेलंय.”

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, “आई, खोटं कसं असेल? एक्केचाळीस दिवस झाले, रोज लिहितात.”

मी मुलीकडे पाहिलं. मांजरा धरण याच तालुक्यात, धनेगावला. २०१६ साली ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या मुलुखात मी ‘बारमाही’ लिहिलं होतं, एक्केचाळीस वेळा. मेव्हण्याच्या बोअरला पाणी होतं, नाही असं नाही. जानेवारीत होतं. मार्चात त्यातून हवा यायला लागली होती, हे त्याने मला जेवताना हसत हसत सांगितलं होतं.

“ते मीच लिहितो,” मी म्हणालो.

वाटलं होतं, एवढ्यावर त्यांना कळेल. झालं उलटंच. गड्याचा चेहरा उजळला. “मग झालं की! बँकेच्या सायबानं लिवलंय म्हंजे पक्कंच. काढ गं सही.”

मागे रांग उभी होती. शाखाधिकारी काचेतून बघत होते. मी आवाज खाली न आणता म्हणालो, “पाणी बारमाही नाही. बोअर मार्चमध्ये आटतो. मी लिहिलं ते खरं नाही.”

बाईने पावती उचलून पुन्हा पदराच्या गाठीत बांधली. रागावली नाही. गडी थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि अगदी साधेपणाने त्याने विचारलं, “मग सायेब, लिवलं कामून?”

मी “पुढचे या” म्हणालो.

संध्याकाळी मेव्हणा आला. त्याला बातमी लागलेली होतीच, गाव केवढं! आरडाओरडा करील असं वाटलं होतं, पण तो नुसता बसून राहिला. मग म्हणाला, “ते गिऱ्हाईक लागलं असतं तर तुम्ही जामीन राहिलेल्या कर्जाचे दोन हप्ते गेले असते, दाजी.” हेही खरंच होतं. त्या महिन्याचा हप्ता शेवटी माझ्याच पगारातून गेला.

ही चहा घेऊन आली. म्हणाली, “लिहायचंच आहे ना रोज? मग मोजून लिहा.”

बेचाळिसावा मजकूर मी तिच्यासमोर बसून लिहिला. एसटी थांब्यापासून साडेतीन किलोमीटर. बोअरला पाणी फेब्रुवारीपर्यंत, पुढे टँकर. रेल्वे बीडला. कागदपत्र स्वच्छ. भूलचूक देणेघेणे. मेव्हण्याने तो वाचला आणि कपाळाला हात लावला, तरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. लातूरकडचे कुणी निवृत्त गृहस्थ होते. “साडेतीन लिहिलंय तुम्ही,” ते म्हणाले. “म्हणजे खरं किती? सात धरू का?”

मेव्हण्याने माझ्याकडे ‘बघा, सांगत होतो ना’ अशा नजरेने पाहिलं. मला उत्तर सुचेना. तेवढ्यात हिने फोन हातातून काढून घेतला.

“काही धरू नका,” ती म्हणाली. “या आणि मोजा. आणि येताना पाण्याची बाटली आणा बरोबर.”