कोश कुठून उघडायचा?

शिक्षणात तंत्रज्ञान यावं म्हणून मनापासून झटणाऱ्या एका स्नेह्यांनी परवा ठामपणे सांगितलं, की कर्णबधिर मुलांच्या शाळांचा प्रश्न आता सुटल्यात जमा आहे. शिक्षक बोलतील, यंत्र ते ऐकेल आणि पडद्यावरची संगणकी आकृती खुणा करून दाखवेल. मग सांकेतिक भाषा येणारे शिक्षक शोधत कशाला फिरायचं? हे मत एकट्या त्यांचं नाही. चर्चासत्रांतून ते सर्रास मांडलं जातं, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

प्रत्येक शब्दाला एक खूण जोडली की झाली सांकेतिक भाषा, असं या मताने गृहीत धरलं आहे. पण तसं नसतं. भारतीय सांकेतिक भाषेत ‘देणं’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे सरकली तर मी दिलं. तुमच्याकडून माझ्याकडे आली तर तुम्ही दिलंत. कर्ता आणि कर्म हाताच्या दिशेतच असतात. गोष्ट सांगताना आजीला एकदा उजवीकडे ‘ठेवलं’ की पुढे उजवी बाजू म्हणजे आजी. ‘काय’, ‘कोण’ विचारणारी खूण वाक्याच्या शेवटी येते. होय-नाहीचा प्रश्न तर भुवयांनी विचारला जातो. ज्या आकृतीच्या भुवया हलत नाहीत, तिचा प्रश्न प्रश्नच राहत नाही.

खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते, हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने दाखवलं विल्यम स्टोकी यांनी. या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचा हा अभ्यासक 1955 मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आला आणि विद्यार्थ्यांचे हात पाहत राहिला. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल अशा मोजक्या घटकांपासून खुणा घडतात, हे त्यांनी 1960 मध्ये मांडलं, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची टर उडवली. 1880 च्या मिलान परिषदेत, जवळजवळ सगळ्याच ऐकणाऱ्या प्रतिनिधींनी, बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवावं असं ठरवलं होतं. त्या ठरावाची छाया तेव्हाही गडद होती. आपल्याकडेही वर्गात मुलांचे हात आवरले गेले आणि भाषा तगली ती वसतिगृहांत आणि मैदानांवर.

माझ्या मते स्टोकी यांचं सर्वांत मोठं काम 1965 चा अमेरिकन सांकेतिक भाषेचा कोश हे आहे. डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बहिऱ्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो केला. त्यातल्या नोंदी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या नाहीत; खुणेच्या घटकांप्रमाणे लावल्या आहेत. म्हणजे एखादी खूण पाहिली आणि कळली नाही, तर ती त्या कोशात शोधता येते. आजची बहुतेक ॲप्स उघडून पाहा. शोधायची चौकट शब्द मागते. ज्या मुलाला खूण येते पण शब्द येत नाही, त्याने काय टंकायचं? साठ वर्षांपूर्वी कागदावर जमलेली गोष्ट आपण हातातल्या फोनमध्ये विसरलो. बहिऱ्या मुलाला त्याच्या भाषेतून लेखी मराठीकडे नेणारा रस्ता खुणेपासूनच सुरू व्हायला हवा.

मग साधनंच नकोत का? तसं म्हणून चालणार नाही. छपाईने बोलभाषांसाठी जे केलं, ते सांकेतिक भाषांसाठी तिला करता आलं नाही. ते कॅमेऱ्याने केलं. आणि हे बहिऱ्यांनीच आधी ओळखलं. खुणांची भाषा शाळांतून हद्दपार होत असताना अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने चित्रफिती काढल्या. जॉर्ज वेडिट्झ यांनी 1913 मध्ये कॅमेऱ्यासमोर, खुणांतूनच, या भाषेच्या रक्षणाची हाक दिली. ती फीत आजही पाहता येते. आपल्याकडेही भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये उभं राहिलं. 2018 मधला तीन हजार शब्दांचा त्याचा चित्रफीत-कोश 2021 मध्ये दहा हजारांवर गेला. डिसेंबर 2024 मध्ये पीएम ई-विद्या योजनेत सांकेतिक भाषेसाठी 31 क्रमांकाची वाहिनी सुरू झाली. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. गावात ही भाषा येणारं कोणी नसेल, तर त्या आईला फोनवरची चित्रफीत हाच पहिला आधार. तो मी कसा नाकारू?

पण चित्रफीत चूक दाखवत नाही. शिकणाऱ्याने ‘देणं’ची दिशा उलटी केली तर ती गप्प बसते. व्हिडिओ कॉलवर समोरचा बहिरा शिक्षक लगेच थांबवतो, पुन्हा करून दाखवतो. तिथेही नेट अडखळलं की हालचालीचा मधला तुकडा गळतो आणि हात चौकटीबाहेर गेला की वाक्य तुटतं. तरी तो शिक्षक ते ओळखतो आणि पुन्हा विचारतो. म्हणून माझा झगडा यंत्राशी नाही. यंत्र काय शिकवणार, हे बहिऱ्या माणसांना बाहेर ठेवून ठरवणाऱ्यांशी आहे. कॅस्टरलाइन आणि क्रोनेबर्ग यांच्याशिवाय स्टोकी यांचा कोश झाला नसता. आपल्याकडे दिल्ली, मुंबईसारख्या शहरांतल्या खुणांचा अभ्यास 1970 च्या दशकात झाला, तो करणाऱ्यांत मदन वसिष्ठ होते, आणि ते स्वतः बहिरे.

कर्णबधिर विद्यालयांच्या संस्थाचालकांना म्हणूनच माझी विनंती आहे. पुढचं ॲप किंवा स्मार्ट बोर्ड घेण्याआधी एका बहिऱ्या शिक्षकाची पूर्ण पगारावर नेमणूक करा, आणि ते साधन वर्गात आणायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.