वाकल्याशिवाय मोल कळत नाही



धाराशिव जिल्ह्यातलं तेर. संत गोरोबाकाकांचं गाव. प्राचीन काळी याचं नाव तगर होतं. इथला माल गाड्यांतून भडोच बंदरात जायचा, आणि तिथून समुद्रापार.

या गावात एक छोटं संग्रहालय आहे. तिथे मातीची बाहुली दिसते. शंखाची बांगडी दिसते. या वस्तू तेरच्याच पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून वर आल्या. कितीतरी जण त्यांच्यावरून चालत गेले असतील. याच गावचे रामलिंगप्पा लामतुरे मात्र थांबले. वाकले. वर्षानुवर्षं ते हे तुकडे जपत राहिले. पुढे त्यांचा संग्रह शासनाकडे, म्हणजे तुम्हा-आम्हा सर्वांकडे आला.

वाकल्याशिवाय मोल कळत नाही, श्रोतेहो.

माणसांचंही तसंच आहे. घरातली आजी तीच गोष्ट पुन्हा सांगते. आपण घाईत पुढे निघून जातो. पण तिच्या बोलण्यात आपल्या गावाचा, आपल्या घराचा इतिहास असतो. तो ऐकायला थोडं थांबावं लागतं. मीपण बाजूला ठेवावं लागतं. वाकल्याशिवाय मोल कळत नाही.

आणि कळलेलं मोल एकट्यापुरतं ठेवू नये. आज वडीलधाऱ्यांजवळ घडीभर बसा. एक जुनी आठवण विचारा. ती मुलांना सांगा. जे जपलं, ते वाटावं. त्यातच जपण्याचं सार्थक आहे.