मृत्युपत्रातली तलवार

दसऱ्याला घरातली जुनी तलवार किंवा कट्यार खाली काढतात, पुसतात, तिला हळदकुंकू वाहतात. ती कोणत्या पूर्वजाची, हे मोठी माणसे अभिमानाने सांगतात. ती कशासाठी उपसायची, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने ते लिहूनच ठेवले.

९ जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात त्याने पाच पुतण्या-भाच्यांना एकेक तलवार दिली आणि अट घातली: रक्त सांडायला ती म्यानाबाहेर काढू नये, काढलीच तर स्वतःच्या, नाहीतर देशाच्या आणि त्याच्या हक्कांच्या रक्षणासाठी. आणि देशासाठी उपसली, तर ती टाकून देण्यापेक्षा हातात घेऊन मरावे. त्याच कागदात दुसरेही एक कलम आहे. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्याने लिहिले. ते १२३ जण होते. त्याची पत्नी मार्था हिने वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना मोकळे केले.

पुढे वॉशिंग्टनची एक तलवार वारशाने व्हर्जिनियात लुईस वॉशिंग्टनकडे आली. त्याच्या घरी गुलाम होते. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री, गुलामगिरी मोडायला निघालेल्या जॉन ब्राऊनची माणसे त्या घरात शिरली. तलवार एका कृष्णवर्णीयाच्याच हाती सोपवावी, असा ब्राऊनचा हुकूम होता. ती ऑस्बर्न अँडरसनने घेतली; हे त्यानेच १८६१ च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे. पुढे ब्राऊनने ताब्यात घेतलेल्या, जवळच्या हार्पर्स फेरी गावात तो वेढला गेला, तेव्हा ती त्याच्या हाती होती. दोन दिवसांत रॉबर्ट ली सरकारी सैनिक घेऊन आला, ब्राऊन पकडला गेला, तलवार लुईसला परत मिळाली. २ डिसेंबरला ब्राऊन फासावर चढला. अँडरसन निसटला.

या धाडीचा पहिला बळी हेवर्ड शेफर्ड, रेल्वेत काम करणारा मुक्त कृष्णवर्णीय. ते रक्त ब्राऊनच्या हिशेबातून पुसता येत नाही, आणि मला ते पुसायचेही नाही.

ती तलवार आज ऑल्बनीत न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयाकडे आहे. मृत्युपत्रातली दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर माणसे गुलाम म्हणून ठेवणाऱ्या वारसापेक्षा तिच्यावर अँडरसनचा हक्क मोठा होता, असे मी ठामपणे म्हणतो.