मुलांच्या वर्गातील संत



मोह नेहमी पापाचेच रूप घेऊन येतो असे नाही. कधी कधी तो भक्तीची वस्त्रे लेवून येतो, आणि तेव्हा त्याला ओळखणे फार कठीण जाते. लोयोलाचे संत इग्नेशियस ह्यांना हा धडा लॅटिन व्याकरण शिकताना मिळाला.

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्या आजारपणात त्यांचे अंतःकरण पालटले. १५२३ मध्ये यरुशलेमची यात्रा केल्यावर, इतरांच्या आत्म्यांना साह्य करावयाचे तर आधी अध्ययन केले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्या काळी युरोपातील विद्यापीठांत व्याख्याने, वादविवाद व लेखन ही सारी लॅटिनमध्येच चालत. म्हणून १५२४ साली, वयाच्या तेहतिशीच्या सुमारास, एके काळी तलवार बाळगणारा हा उमराव बार्सिलोना येथे जेरोनिमो आर्देव्होल ह्या गुरुजींकडे व्याकरणाचे पहिले पाठ घेऊ लागला.

संस्कृतची रूपे ज्यांनी घोकली आहेत त्यांना हे कष्ट ठाऊक आहेत. लॅटिनमध्येही नामे विभक्तीप्रमाणे आणि क्रियापदे पुरुष, वचन व काळ ह्यांप्रमाणे बदलतात. ती रूपे नुसती वाचून येत नाहीत. ती मोठ्याने म्हणावी लागतात, लिहावी लागतात, चुकली तर पुन्हा म्हणावी लागतात. मुलांना चुकण्याची लाज वाटत नाही, प्रौढाला वाटते.

परंतु इग्नेशियस ह्यांची अडचण निराळीच होती. पाठांतराला बसले की त्यांच्या मनात आध्यात्मिक विचारांचा असा गोड पूर येई की, रूपे पाठ होईनात. आपण असतो तर पुस्तक मिटून देवाचे आभार मानले असते! त्यांनी मात्र स्वतःला विचारले: प्रार्थनेत आणि मिस्साच्या वेळीही जो प्रकाश मिळत नाही, तो नेमका व्याकरणाच्या वेळीच का यावा? हा मोह आहे, हे त्यांनी ओळखले. सांता मारिया देल मार ह्या मंदिरात गुरुजींना नेऊन त्यांनी सर्व सांगितले, आणि बार्सिलोनात भाकरी-पाणी मिळते तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. तो मोह पुन्हा कधी आला नाही.

पुढे १५२८ साली ते पॅरिसला गेले. घाईने पुढचे विषय घेतल्यामुळे आपला पाया कच्चा राहिला, हे जाणून ते पुन्हा मुलांच्या वर्गात बसले! त्याच पॅरिसमध्ये त्यांना फ्रान्सिस झेवियर भेटले, जे १५४२ साली गोव्यास आले. त्यांच्याच येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, आपली भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले.

प्रियजनहो, आपल्यापैकी कित्येक जण परप्रांतात नवी भाषा शिकत आहेत. कोणी सेमिनरीत लॅटिनची पहिली वाक्ये जुळवीत असतील. चुकेन म्हणून गप्प राहणे नम्रतेसारखे दिसते, पण पुष्कळदा तो अहंकारच असतो. बालकांसारखे होण्याविषयी प्रभूने शिष्यांना सांगितले (मत्तय १८:३). समोरचे लहान काम टाळून मोठ्या भक्तीकडे धावू नका. आजचा पाठ आज म्हणा, चुका, आणि पुन्हा म्हणा. देवाने दिलेल्या कामात चित्त लावणे, हीदेखील प्रार्थनाच आहे.

प्रभू आपणांस बालकाचे धैर्य देवो. आमेन.