पहिले धनुष्य

उज्जयिनीच्या सांदीपनी आश्रमात श्रीकृष्ण-बलराम धनुर्वेद शिकले आणि ६४ दिवसांत ६४ कला त्यांनी आत्मसात केल्या, असे भागवत सांगते. आम्हां पालकांच्या ध्यानात मात्र ते ६४ दिवसच राहतात! बालकासाठी पहिले धनुष्य घेताना आम्ही म्हणतो, 'थोडे जड घेऊ, पुढेही चालेल.' न पेलणारी प्रत्यंचा ओढताना खांदा चढतो, पाठ वाकते आणि तीच खोड जडते. लहानग्यास १० ते १५ पौंडांचा ताण पुष्कळ होतो.

मग हे धनुष्य कोणासाठी? समोरच्या बालकासाठी, की आमच्या मनातील विजेत्यासाठी? आज पेलेल तेच हाती देणे, हा त्याच्या आजच्या वयाचा मान होय. श्रीकृष्णाने पाटी धुतली म्हणून आश्रमाच्या स्थानास अंकपात म्हणतात, अशी श्रद्धा आहे. प्रत्यक्ष भगवंतानेही आरंभ पाटीपासूनच केला.