नक्कल कुणाची, सही कुणाची?



गेल्या महिन्यात आम्ही लातूरला एका घरी गेलो होतो. त्या घरचा मुलगा चित्रकला शिकतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६६९ साली, वयाच्या ६३व्या वर्षी रंगवलेले स्वतःचे चित्र तो तैलरंगात उतरवीत होता. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, मुलासमोर पुस्तकातले छापील पान होते. खोलीभर जवसाच्या तेलाचा वास. (आपण ज्याची चटणी खातो तेच जवस!) वडील म्हणाले, "फादर, दोन महिने झाले, दुसऱ्याचीच नक्कल चाललीय. परीक्षेत कॉपी केली तर वर्ष वाया जातं, अन्‌ इथं शाबासकी?"

अभ्यासासाठी नावाजलेल्या लातुरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येईना. सेमिनरीतले तत्त्वज्ञान आठवून पाहिले. प्लेटोला चित्र म्हणजे सत्यापासून दूर गेलेली नक्कल वाटे. ॲरिस्टॉटल म्हणे, माणूस पहिले धडे अनुकरणानेच शिकतो. पण वडिलांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. परीक्षेत कॉपी करणारा कष्ट चुकवतो. हा मुलगा एका डोळ्याखालची सावली चारदा पुसून पुन्हा रंगवीत होता. दिसले नाही तिथे मनाने भर घातली, की चेहरा लगेच बिघडतो, असे तो म्हणाला.

आपल्या मराठवाड्यातच याचे मोठे उदाहरण आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतील चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवीत. सुमारे तीनशे चित्रे झाली. त्यांतली बरीचशी १८८५ साली लंडनमधील आगीत जळाली. पण त्या कामावर हात बसलेले पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले, आणि त्यांनी पारशी घरांतील माणसे रंगवली. नकलेतून नजर अशी तयार होते. त्याच कामाची दुसरी बाजूही आहे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भिंतींवर व्हार्निश लावले आणि ते पुढे काळवंडले. नक्कल उजळ व्हावी म्हणून मूळ चित्राला इजा झाली.

मुलाच्या चित्रावर खाली फक्त त्याचीच सही होती. नांदेडच्या एका नातेवाइकांनी ते बैठकीत लावायला मागितले होते. आम्ही म्हटले, "सहीच्या आधी 'रेम्ब्रांटवरून' असे लिही." त्याचा चेहरा उतरला. कष्ट त्याचे होते, हे खरेच. पण उजेड कुठे थांबवायचा, कोणती सुरकुती ठेवायची, हे दुसऱ्याने ठरवले होते. हे सांगताना आमचीच जीभ अडखळली. किती रविवारी आम्ही दुसऱ्याचा विचार नाव न घेता तुम्हाला सांगितला आहे! तुम्ही दाद दिलीत आणि आम्ही ती मुकाट्याने घेतली.

परवा त्याचा फोन आला. ते शब्द त्याने लिहिले. नातेवाइकांचा उत्साह जरा ओसरला, तरी चित्र त्यांनी नेले. आता तो आईचे चित्र काढतो आहे. पण ती पंधरा मिनिटेही एका जागी बसत नाही, आणि नळाला पाणी आले की उठतेच.