क्षमा केली, पण ताट वेगळे



२ ऑक्टोबर २००६. आपल्याकडे गांधीजयंतीची सुट्टी होती. त्याच दिवशी अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात, निकेल माइन्स नावाच्या छोट्या वस्तीत, एका खोलीच्या शाळेत एक बंदूकधारी माणूस शिरला. मुलग्यांना त्याने बाहेर घालवले आणि दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मरण पावल्या. शेवटी त्याने स्वतःचाही जीव घेतला. त्या मुली आमिश पंथाच्या होत्या. मारेकरी आमिश नव्हता, पण परकाही नव्हता. त्याच परिसरात दुधाची गाडी चालवणारा तो माणूस होता.

त्याच दिवशी काही आमिश मंडळी त्या मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेली. 'तुमच्याबद्दल आमच्या मनात राग नाही' हे सांगायला ती गेली होती. त्याच्या दफनविधीला आमिश लोक मोठ्या संख्येने उभे राहिले. मुलींसाठी जगभरातून जी मदत आली, तिच्यातला वाटा त्यांनी मारेकऱ्याच्या विधवेला दिला. पुढे मारेकऱ्याची आई गंभीर जखमी झालेल्या एका मुलीच्या सेवेसाठी दर आठवड्याला तिच्या घरी जाऊ लागली आणि त्या घराचे दार तिला उघडे राहिले.

ही बातमी ऐकून जगभरचे ख्रिस्ती लोक अंतर्मुख झाले. 'आमच्या अपराधांची क्षमा कर' अशी प्रार्थना आपण रोज करतो. ती कुणी इतकी शब्दशः घेईल असे आपल्याला वाटले नव्हते.

कोण आहेत हे आमिश? सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्तसभेची फाटाफूट होत असताना एक छोटा गट म्हणू लागला की स्नानसंस्कार हा समजून उमजून दिलेला शब्द आहे, म्हणून तो मोठेपणीच घ्यावा. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक येथे त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. हातात शस्त्र धरायचे नाही आणि शपथ घ्यायची नाही, हीही त्यांची शिकवण होती. १५३६ साली मेनो सायमन्स हे हॉलंडमधील कॅथलिक धर्मगुरू आपले पद सोडून या लोकांत गेले. त्यांच्या नावावरून 'मेनोनाईट' हे नाव पडले. पुढे १६९३ मध्ये याकोब आमान यांचा गट वेगळा झाला, तो 'आमिश'. आज अमेरिकेत व कॅनडात त्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे. साधे कपडे, घोडागाडी, घरोघरी आळीपाळीने होणारी उपासना, शेती आणि सुतारकाम असे त्यांचे जीवन असते.

मेनोनाईट लोक आपल्याला अगदीच दूरचे नाहीत. आपल्या नागपूरसह विदर्भ ज्या जुन्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतातील धमतरी येथे १८९९ साली अमेरिकन मेनोनाईट मिशनरी आले. दुष्काळाचे दिवस होते. त्यांनी अनाथ मुलांना आसरा दिला आणि पुढे तिथे रुग्णालय उभे राहिले. तिथल्या मेनोनाईटांकडे घोडागाडीही नाही आणि वेगळा पोशाखही नाही. १९९७ च्या जानेवारीत त्यांचे जागतिक संमेलन कोलकात्यात भरले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. आमिश लोक ज्या मुद्द्यावरून १६९३ साली वेगळे झाले, तो मुद्दा क्षमेचा नव्हता. तो बहिष्काराचा होता. ज्याने मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन मंडळीला शब्द दिला आणि नंतर तो मोडला, त्याला प्रभुभोजनातून वगळायचे यावर सर्वांचे एकमत होते. आमान यांचे म्हणणे असे की एवढे पुरेसे नाही, रोजच्या जेवणातही त्याला आपल्या ताटाजवळ बसवू नये. ही प्रथा आजही अनेक आमिश मंडळ्यांत आहे. बहिष्कृत मुलगा घरी आला तर आई त्याला उपाशी ठेवत नाही, पण त्याचे जेवण वेगळ्या मेजावर वाढते. त्याच्या हातून कुणी वस्तू घेत नाही.

ज्यांनी मुलींच्या मारेकऱ्याच्या घरी जाऊन सांत्वन केले, तेच लोक स्वतःच्या मुलाला पंगतीतून उठवतात. हे कसे?

त्यांचे उत्तर नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, मारेकऱ्याने आम्हाला कसलाही शब्द दिला नव्हता, आमच्या मुलाने दिला होता. बाप्तिस्मा न घेता जो तरुण निघून जातो, त्याच्यावर आम्ही बहिष्कार टाकत नाही. शब्द मोडूनही काहीच बिघडत नसेल, तर त्या शब्दाला किंमत ती काय? शिवाय आमचे दार बंद नाही. तो परत आला, गुडघे टेकून त्याने चूक कबूल केली, की सगळे पूर्ववत होते आणि त्याचा अपराध पुन्हा उकरून काढला जात नाही. वेगळे ताट हे त्याला परत बोलावण्यासाठीच आहे.

या उत्तरात तथ्य आहे. आपण लहान बाळांना स्नानसंस्कार देतो आणि मग अनेकदा त्या वचनाचा आयुष्यभर विचारही करत नाही. आमिश मंडळी वर्षातून दोनदा प्रभुभोजन घेतात. त्याआधी सभा भरते, भांडणे मिटवली जातात आणि ती मिटली नाहीत तर प्रभुभोजनच पुढे ढकलले जाते. आपण मात्र शेजारच्या बाकावरील भावाशी चार वर्षे बोलत नसतानाही रांगेत उभे राहतो. शिस्तीच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. जो शब्द मोडून उनाड झाला त्याचे ठीक आहे. पण ज्याची सद्सद्विवेकबुद्धीच बदलली, ज्याला प्रामाणिकपणे वाटले की देव आपल्याला दुसऱ्या मंडळीत बोलावतो आहे, त्याने काय करावे? त्याला परत येण्यासाठी खोटे गुडघे टेकावे लागतील. तसे केले नाही तर आईजवळचे पान गेले. इथे वेगळे ताट हे औषध राहत नाही, ते दडपण बनते.

हे बोलताना आपण कॅथलिकांनी उंच पाटावर बसू नये. १५६९ साली हॉलंडमध्ये, कॅथलिक राजाच्या अमलाखाली, डर्क विलेम्स नावाचा असाच एक पुनर्बाप्तिस्मावादी तुरुंगातून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार झाला. त्याचा पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला वाचवले. त्यामुळे तो पकडला गेला आणि त्याला जिवंत जाळण्यात आले. झुरिकच्या प्रोटेस्टंटांनी त्याआधीच, १५२७ मध्ये, फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवले होते. बहिष्काराचे म्हणाल तर आपल्या १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही, ज्यांच्याशी संबंध टाळावेत अशा बहिष्कृतांचा एक वर्ग होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. दरम्यान ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले होते की श्रद्धेच्या बाबतीत कुणाच्याही विवेकावर बळजबरी होता कामा नये. आपण हे शिकलो, पण फार उशिरा.

मंडळीला शिस्त लावण्याचा अधिकार आहे, हे प्रभू येशूनेच सांगितले. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात त्याने पायऱ्या घालून दिल्या. आधी एकट्याने बोल, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. तरीही ऐकले नाही तर त्याला परका आणि जकातदार समज. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः कोण होता? जकातदार! आणि येशूने जकातदारांना कसे वागवले? त्यांच्या घरी जाऊन तो त्यांच्या पंगतीला बसला. त्याच अध्यायात पुढे पेत्र विचारतो की किती वेळा क्षमा करू, आणि त्याला मोजदाद सोडून देण्याचे उत्तर मिळते. शिस्त आणि क्षमा एकाच अध्यायात शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे नाशिककरांना परदेशातून शिकायला नको. जून २०१३ मध्ये आपल्याच शहरात, आंतरजातीय विवाह केलेल्या एका गर्भवती मुलीचा खून झाला आणि त्या गुन्ह्यासाठी तिचा पिताच दोषी ठरला. त्यामागे जातपंचायतीचा धाक असल्याची चर्चा झाली आणि जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धची चळवळ इथूनच उभी राहिली. तिच्यातून महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आमिशांचा बहिष्कार आणि हे क्रौर्य एका मापाने मोजणे अन्याय होईल. आमिश कुणावर हात उगारत नाहीत. पण दोन्हीकडे नात्याचाच दोर करून ओढले जाते, एवढे साम्य नाकारता येत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे आपल्या पूर्वजांकडूनच ठाऊक आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई पतीपासून दुरावल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे सांभाळत. टिळकांनी अट घातली नाही. एकाच छपराखाली दोन धर्म आणि दोन रीती नांदल्या. पुढे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या स्वतःच्या मनाने. ताट हिसकावून घेतले असते तर ते मन झाले असते का?

यावरून एक सीमारेषा आखता येते असे वाटते. जे मंडळीचे आहे ते मंडळी रोखू शकते. संस्कार, पद, वेदीवरील सेवा यांबाबत नियम करण्याचा तिला अधिकार आहे. पण जे देवाने थेट आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हाती दिले आहे, ते रोखण्याचा अधिकार कुठल्याच मंडळीला नाही. तांब्याभर पाणी, पंगतीतले पान, आजारपणातली भेट आणि शेवटी शवपेटीला द्यायचा खांदा ही देणी मंडळीच्या नियमाआधीची आहेत.

आता आपल्या घरात डोकावू या. मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केले. भाऊ मिस्सा सोडून दुसऱ्या प्रार्थनामंडळात जाऊ लागला. 'आम्ही तिला कधीच माफ केले, पण...' या 'पण'नंतर काय येते? नाताळात कुसवारचे ताट सगळ्या नातेवाइकांकडे जाते, तिच्याकडे जात नाही. आमिश आई निदान वेगळ्या मेजावर तरी वाढते!

अशी दरी बुजू शकते. डहाणू-पालघर पट्ट्यात काम केलेली ब्रदरन मंडळी ही मेनोनाईटांची जवळची नातलग. मोठेपणीचा बाप्तिस्मा मानणारी आणि एकमेकांचे पाय धुणारी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ती इतर पाच मंडळ्यांबरोबर उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीत, म्हणजे सी.एन.आय.मध्ये, सामील झाली. तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. ज्या वादापायी युरोपात माणसे बुडवली गेली, तो आपल्या महाराष्ट्रात एका मेजावर मिटला. आपल्या ख्रिस्तसभेनेही १९९८ ते २००३ या काळात मेनोनाईटांशी अधिकृत संवाद केला. २०२५ मध्ये झुरिक येथे त्यांच्या चळवळीची ५०० वर्षे साजरी झाली, तेव्हा पोप लिओ चौदावे यांनी संदेश पाठवला.

मोठ्या मंडळ्यांना जमले ते आपल्या घराला का जमू नये? या रविवारी मिस्सात शांतीसाठी हात पुढे करताना, आपल्या पंगतीत कुणाचे पान मांडलेले नाही ते आठवू या. घरी गेल्यावर एक फोन करू या. मत बदलले का, असे विचारायचे नाही. एवढेच विचारायचे : जेवायला कधी येतेस?